घाट, टोफू आणि पाण्याचा पेला: ‘इनिशियल डी’त खरं किती, रचलेलं किती

जपानच्या नकाशावर आकिना नावाचा डोंगर शोधायला गेलात तर सापडणार नाही. आकागी सापडेल, म्योगी सापडेल, उसुईचा घाट सापडेल, इरोहाझाकाही सापडेल. ‘इनिशियल डी’ या घाटातल्या मोटार-शर्यतींवरच्या ॲनिमेच्या, म्हणजे जपानी चित्रमालिकेच्या, सुरुवातीच्या भागांतली बहुतेक ठिकाणं आपापल्या खऱ्या नावानं आली आहेत. नाव बदललंय ते नेमकं नायकाच्या घरच्या डोंगराचं. त्याचं खरं नाव हारुना.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. ताकुमी फुजिवारा हा शाळेच्या शेवटच्या वर्षातला, कायम झोपाळलेल्या चेहऱ्याचा मुलगा. वडील बुन्ता यांचं टोफूचं दुकान. डोंगरावरच्या तळ्याकाठी एक हॉटेल आहे, तिथे रोज पहाटे टोफू पोचवायचं काम ताकुमीकडे. तेही वयाच्या तेराव्या वर्षापासून, म्हणजे लायसन्सचं वय व्हायला पाच वर्षं बाकी असताना. जाताना टोफू मोडायला नको म्हणून जपून, आणि येताना गाडी रिकामी, शिवाय घरी जाऊन झोपायची घाई. या घाईतून पोरगं त्याच्याही नकळत असं तयार होतं की दुप्पट ताकदीच्या गाड्या उतारावर त्याच्या मागे राहतात. शुइची शिगेनो यांची ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, कोदान्शा प्रकाशनाच्या ‘यंग मॅगझिन’ साप्ताहिकात १९९५ ते २०१३ अशी चालली, तिचे ४८ खंड झाले. ॲनिमे आलं १९९८ साली.

पेल्यातलं पाणी न सांडता घाट उतरणं, गटारात चाक घालून वळण मारणं, असले प्रकार पाहून लोक हसतात. काहीही दाखवतात म्हणतात. माझं मत जरा उलटं आहे. या मालिकेत ज्या गोष्टी थापा वाटतात त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा सरळसाधं भौतिकशास्त्र आहे. थाप मारली आहे ती जिथे आपलं लक्षसुद्धा जात नाही अशा ठिकाणी. ती कुठे, ते शेवटाकडे येईलच. आधी डोंगर.

तीन डोंगर, तीन टोळ्या

तोक्योच्या वायव्येला गुनमा नावाचा प्रांत आहे. तिथल्या शाळकरी पोराला विचारा, आकागी-हारुना-म्योगी ही तीन नावं एका दमात सांगेल. तिघांना मिळून ‘जोमो सानझान’ म्हणतात, म्हणजे जोमोचे तीन डोंगर. जोमो हे त्या मुलखाचं जुनं नाव. आता मालिकेतल्या टोळ्या बघा. आकिना उर्फ हारुनावर स्पीडस्टार्स, आकागीवर रेडसन्स, म्योगीवर नाइटकिड्स. तीन गडांवर तीन किल्लेदार बसवावेत तशी ही मांडणी आहे, आणि ती लेखकानं हवेतून काढलेली नाही. तिथल्या माणसांच्या मनात हे तीन डोंगर आधीपासून शेजारी शेजारी उभे आहेत. शिगेनो स्वतः गुनमाला लागून असलेल्या निइगाता प्रांतातले, जन्म १९५८चा.

हारुना हा ज्वालामुखी. माथ्यावर सुमारे १,०८४ मीटर उंचीवर तळं आहे, आणि खाली उतरलं की इकाहो हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं जुनं गाव, दगडी पायऱ्यांसाठी प्रसिद्ध. तळं ते इकाहो हा प्रांतीय रस्ता क्रमांक ३३चा तुकडा म्हणजेच मालिकेतला आकिनाचा उतार. एकामागोमाग येणारी ती पाच हेअरपिन वळणंसुद्धा खरी आहेत. हिवाळ्यात ते तळं गोठतं, लोक बर्फाला भोकं पाडून मासे धरतात. हा तपशील गोष्टीच्या दृष्टीनं महत्त्वाचा आहे. रोज तोच रस्ता, वर्षानुवर्षं, आणि त्यात दरवर्षी काही महिने निसरडे. निसरड्या रस्त्यावर गाडी कमी वेगातच घसरते, म्हणजे घसरलेली गाडी सावरायला शिकणं स्वस्तात होतं. ताकुमीचं कौशल्य दैवी नाही, पाठांतराचं आहे. घाटात वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला पुढचं वळण दिसायच्या आधी हातात येतं, तसलंच.

उसुईचा जुना घाट गुनमा आणि नागानो यांच्या सीमेवर. या रस्त्यावर १८४ वळणं आहेत आणि प्रत्येकाला क्रमांकाची पाटी आहे. मालिकेत इम्पॅक्ट ब्लू या दोन मुलींच्या जोडीबरोबरच्या शर्यतीत ‘सी-१२१’ या वळणाचा उल्लेख येतो, तो या खऱ्या पाट्यांमुळेच. त्या मुलींची सिल-एटी गाडीही गमतीची. निसानच्या १८०एसएक्सचं धड आणि सिल्व्हियाचं तोंड. १८०एसएक्सचे उघडझाप करणारे दिवे फुटले की दुरुस्ती महाग पडायची, म्हणून लोक सिल्व्हियाचं तोंड बसवून घ्यायचे. हा जुगाड इतका गाजला की १९९८मध्ये तशी गाडी मोजक्या संख्येनं रीतसर विकायलाही आली.

टोफूचं दुकानही खरं होतं. शिबुकावा शहरात फुजिनो-या नावाचं एक टोफूचं दुकान होतं, मालिकेतलं फुजिवारा टोफू दुकान त्यावरून बेतलं. ती इमारत पुढे पाडली गेली. पण इकाहोजवळच्या खेळणी, बाहुल्या आणि मोटारींच्या संग्रहालयात आता दुकानाचा दर्शनी भाग उभा केलेला आहे, समोर ताकुमीच्या गाडीसारखी पांढरी-काळी गाडी. गाडीच्या दारावर लिहिलेलं असतं, ‘फुजिवारा टोफू दुकान (खासगी वापरासाठी)’. हा कंस चाहत्यांच्या टी-शर्टांवर गेला आहे, पण मुळात तो रुक्ष व्यवहारी मजकूर आहे. ही गाडी भाड्यानं माल वाहत नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

ज्याच्यावरून ताकुमी सुचला तो माणूस

केइइची त्सुचिया. जन्म १९५६, नागानो. ‘ड्रिफ्ट किंग’ ही त्यांची पदवी; ड्रिफ्ट म्हणजे गाडी आडवी घसरवत वळण मारणं. श्रीमंतांच्या घरची पोरं गो-कार्टपासून रेसिंगची पायरी चढतात. त्सुचिया घाटात गाडी हाकून तयार झाले, उसुई हा त्यांचा घाट. १९८७मध्ये ‘प्लसपी’ नावाची व्हिडिओ टेप आली. तीत ते टोयोटाच्या एई८६ गाडीनं घाटातली वळणं आडवी गाडी करून मारताना दिसतात. यूट्यूबच्या कितीतरी आधी त्या टेपच्या प्रती हातोहात फिरल्या आणि जपानभरच्या पोरांना एक नवं वेड लागलं.

मालिकेसाठी त्सुचियांनी तांत्रिक देखरेख केली. म्हणून पडद्यावरची गाडी वळणाआधी नाक खाली घालते, मग शेपूट सोडते, मग पुढची चाकं उलट्या दिशेला वळतात, हा क्रम चुकत नाही. १९९८च्या संगणकी चित्रात गाड्या प्लॅस्टिकच्या दिसतात हे मान्य, पण त्या वागतात मात्र गाड्यांसारख्या.

त्सुचिया घाटात अडकून पडले नाहीत हे लोक विसरतात. १९९५च्या ले मान्स २४ तासांच्या शर्यतीत होंडा एनएसएक्समधून कुनिमित्सु ताकाहाशी आणि अकिरा इइदा यांच्याबरोबर त्यांनी आपला गट जिंकला. १९९९मध्ये टोयोटाच्या जीटी-वनमधून एकूणात दुसरा क्रमांक. यातले ताकाहाशी म्हणजे सत्तरच्या दशकात वळणात गाडी घसरवत नेणारे रेसर, त्सुचिया ज्यांना पाहून शिकले ते. ‘ड्रिफ्टचे जनक’ म्हणतात ते त्यांनाच. गुरू-शिष्य एकाच गाडीतून ले मान्समध्ये गट जिंकले. ही कथा एखाद्या मांगानं रचली असती तर आपण ‘अति झालं’ म्हटलं असतं.

हाचि-रोकु

ताकुमीच्या गाडीचं, टोयोटा एई८६चं, हे टोपणनाव. हाचि म्हणजे आठ, रोकु म्हणजे सहा. एई८६ या नावात ‘ए’ इंजिनाच्या कुळाचा, ‘ई’ कोरोलाचा, आठ पिढीचा आणि सहा त्या पिढीतल्या उपप्रकाराचा. १९८३ ते १९८७ या काळात ही गाडी निघाली. दिवे मिटणारी ती ट्रुएनो, दिवे उघडे ती लेव्हिन.

तिची खुबी अशी की ती त्याच वेळी जुनाट होती. १९८३मध्ये कोरोलाचं बाकी कुटुंब पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या रचनेकडे गेलं. ही कूपे मात्र जुन्या सांगाड्यावर राहिली: इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, मागे एकसंध ॲक्सल. त्यात १,५८७ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं नवं इंजिन बसलं. कागदावर १३० हॉर्सपॉवर, वजन साधारण ९४० किलो. हलकी, स्वस्त, मागून ढकलणारी. कॉलेजच्या पोरानं घाटात जाऊन धडपडायला यापेक्षा बरी गाडी नव्हती. ताकुमीचा मित्र इत्सुकी हौसेनं हाचि-रोकु घ्यायला जातो आणि एई८५ घेऊन येतो, तो विनोद जपानी प्रेक्षकाला लगेच कळतो. बाहेरून तीच गाडी, आत १.५ लिटरचं ८३ हॉर्सपॉवरचं इंजिन.

आणखी एक बारकावा. मालिकेत गाडीनं वेग घेतला की ‘किन-कोन, किन-कोन’ अशी घंटी वाजते. ती नाटकासाठी घातलेली नाही. शंभरच्या वर गेलं की वाजणारी अशी घंटी त्या काळी जपानी गाड्यांना सक्तीची होती, १९८६मध्ये सक्ती उठली. आपल्याकडे १ जुलै २०१९पासून नव्या गाड्यांत ८०ला टुकटुक आणि १२०ला सततचा गजर सक्तीचा झाला. तेव्हा एक्स्प्रेसवेवर तो आवाज बंद कसा करायचा याचे व्हिडिओ शोधणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, ताकुमी तो गजर ऐकत ऐकतच जिंकला.

उतारावर कमजोर गाडी जिंकू शकते का?

मालिकेचा सगळा डोलारा या एका प्रश्नावर उभा आहे. उतारावर ताकदीचा फरक मिटतो, असं पात्रं पुन्हा पुन्हा सांगतात. हे अर्धंच बरोबर आहे, आणि अर्धं का ते समजून घेण्यात मजा आहे.

समजा रस्त्याचा उतार ८ टक्के आहे. ड्रायव्हरसकट हजार किलोची हाचि-रोकु ताशी ७२ किलोमीटरनं उतरते आहे. गुरुत्वाकर्षण तिला फुकटात साधारण २१ हॉर्सपॉवर देतं. म्योगीच्या टोळीतल्या नाकाझातोची निसान स्कायलाइन जीटी-आर (आर३२) ड्रायव्हरसकट दीड हजार किलोची, तिला त्याच वेगात ३२ मिळतात. म्हणजे उतार हलक्या गाडीच्या बाजूनं नाही, तो सगळ्यांना वजनाच्या प्रमाणात सारखंच वाटतो. कागदावर १३० विरुद्ध २८० हे अंतर उतारानं फारसं कमी होत नाही.

मग फरक कुठे मिटतो? ब्रेकमध्ये. शंभरच्या वेगावरून पन्नासवर यायचं तर हजार किलोच्या गाडीला साधारण २९० किलोज्यूल ऊर्जा उष्णता करून फेकावी लागते, दीड हजार किलोच्या गाडीला ४३०. दर वळणाला. उतारावर वळणं दर काही सेकंदांनी येतात, ब्रेकला गार व्हायला उसंत नाही. शिवाय घाटात पूर्ण ॲक्सिलरेटर दाबायला मिळतो तो दोन वळणांमधल्या तुकड्यात, काही सेकंद. २८० हॉर्सपॉवर वापरायच्या कुठे? घाटात ‘उतारावर वाहन न्यूट्रल करू नका’ अशी पाटी असते ती याच उष्णतेच्या हिशेबासाठी. सगळा भार ब्रेकवर पडला की ब्रेक तापतात, मग पेडल दाबूनही गाडी थांबायचं नाव घेत नाही.

नाकाझातो हरतो तो बरोबर याच कारणानं. जीटी-आरचं नाक जड, शर्यतीच्या शेवटी पुढची टायरं तापून पकड सोडतात आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. हीच गाडी सपाट ट्रॅकवर काय होती ते आठवा. १९९० ते १९९३ या चार हंगामांत जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत तिनं २९पैकी २९ शर्यती जिंकल्या. तिला घाटात हरवायचं तर तिचं वजनच तिच्याविरुद्ध वापरावं लागणार, हे लेखकानं नीट ओळखलं होतं.

(त्या काळच्या जपानी गाड्या गोष्टीत वरचेवर २८० हॉर्सपॉवरच्या का, असा प्रश्न पडत असेल तर तेही खरं आहे. कंपन्यांनी आपापसांत ठरवून १९८९पासून हा आकडा ओलांडायचा नाही असा संकेत पाळला, तो २००४मध्ये मोडला. कागदावर २८०, प्रत्यक्षात इंजिनात काय असेल ते असेल.)

पाण्याचा पेला

बुन्ता कपहोल्डरमध्ये पाण्यानं भरलेला पेला ठेवतो आणि मुलाला सांगतो, सांडू द्यायचं नाही. अशक्य वाटतं. आकडे मांडून बघू.

वळणात पाण्याचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला तिरपा होतो. जुन्या टायरवरची गाडी पकडीच्या टोकाला गेली तर बाजूचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट धरू. तेव्हा पाणी जवळजवळ ३९ अंशांनी कलेल. पेला ७ सेंटिमीटर रुंद असेल तर पाणी एका काठाला पावणेतीन सेंटिमीटर वर चढेल. म्हणजे पेला काठोकाठ असेल तर विषय संपला, कुठलाही ड्रायव्हर ते थांबवू शकत नाही. पण वर तीन सेंटिमीटर जागा असेल तर पाणी कडेनं चढेल, गोल फिरेल आणि सांडणार नाही. गंमत म्हणजे मालिकेत पाणी काठाला लागून फिरतानाच दाखवलंय.

अट एकच. जोर हळूहळू वाढला पाहिजे आणि हळूहळू उतरला पाहिजे. या आकाराच्या पेल्यातलं पाणी हिंदकळायला लागलं की सेकंदाला साडेतीनच्या आसपास हेलकावे खातं. ड्रायव्हरच्या हातापायांचे झटके त्याहून संथ असतील तर पाणी नुसतं कलतं. झटका दिला तर लाट उठते आणि तीन सेंटिमीटर पुरत नाहीत. म्हणजे पेला मोजतो तो वेग नाही, झटका. चांगल्या ड्रायव्हरची परीक्षा घ्यायला याहून स्वस्त यंत्र मला माहीत नाही. भरल्या घागरी डोक्यावर घेऊन चढ चढणाऱ्या बायकांना हे कुणी सूत्र मांडून सांगितलं नव्हतं.

गटारात चाक

आता सगळ्यात बदनाम तंत्र. हेअरपिनला आतल्या बाजूची चाकं रस्त्याकडेच्या गटारात उतरवायची, म्हणजे चाक गटाराच्या भिंतीला अडतं, गाडी बाहेर फेकली जात नाही आणि वेग जास्त ठेवता येतो.

वळणात गाडीचा भार बाहेरच्या चाकांवर जातो. ०.८ पट जोर असेल तर आतल्या चाकांवर एकूण वजनाचा जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. घर्षण वजनावर अवलंबून, म्हणून ती चाकं जवळजवळ बिनकामाची. पण गटाराची भिंत जो रेटा देते त्याला वजन लागत नाही. बिनकामाच्या चाकांना अचानक धरायला कठडा मिळतो. शिवाय आतली बाजू दहा सेंटिमीटर खाली गेल्यानं गाडी आतल्या अंगाला थोडी कलते, रेसट्रॅकवरच्या तिरप्या वळणासारखी. म्हणजे कल्पना वेडगळ नाही.

वेडगळ आहे तो दाखवलेला फायदा. बाजूचा जोर ०.८ वरून ०.९ झाला तर वळणातला वेग वाढतो ६ टक्के. १२ मीटर त्रिज्येच्या हेअरपिनला हाचि-रोकुचा वेग साधारण ताशी ३५. सहा टक्क्यांनी ३७. हो, ३५. पडद्यावर विमानासारखा भासणारा तो क्षण प्रत्यक्षात शाळेच्या बसच्या वेगात घडतो आणि चार सेकंदांत संपतो. त्या चार सेकंदांत तिघांची स्वगतं आणि घाटमाथ्यावरच्या मित्राचं समालोचन बसतं, हा काळाचा अपव्यवहार मी मालिकेला माफ केला आहे. या दोन किलोमीटरच्या लाभासाठी रिम, टायरची बाजू आणि बेअरिंग पणाला लावायची. गटारात एखादा दगड किंवा लोखंडी जाळी असली की गणित तिथेच संपलं. रोज पहाटे तोच रस्ता पाहणारा टोफूवालाच असला जुगार खेळू शकतो, एवढं मात्र गोष्टीच्या बाजूनं म्हणता येईल.

ड्रिफ्टचंही असंच. गाडी आडवी करून वळण मारणं सगळ्यात वेगवान, असा समज या मालिकेनं जगभर पसरवला, जरी तिच्यातलं रियोसुके ताकाहाशी हे हुशार पात्र तसं मानत नाही. कोरड्या डांबरावर टायर सगळ्यात जास्त पकड देतं ते किंचित तिरपं असताना, पाच-दहा अंशांत. त्यापुढे ते धूर काढतं आणि वेग खातं. मातीवर, बर्फावर घसरत जाणं फायद्याचं ठरतं, म्हणून रॅलीत ते दिसतं. डांबरावर ड्रिफ्ट दिसतो देखणा, घड्याळाला तो आवडत नाही.

जिथे सुटलंय

इरोहाझाका तोचिगी प्रांतातल्या निक्कोजवळ. चढायचा रस्ता वेगळा, उतरायचा वेगळा, दोन्ही एकदिशा, मिळून ४८ वळणं. जुन्या जपानी मुळाक्षरांच्या ४८ अक्षरांपैकी एकेक प्रत्येक वळणाला दिलेलं. इथे काइ नावाचा पोरगा एमआर२ गाडीनं हेअरपिनच्या आतल्या कोपऱ्यावरून सरळ उडी मारून खालच्या रस्त्यावर उतरतो. एक मीटरवरून गाडी पडली आणि सस्पेन्शननं ती दहा सेंटिमीटरांत झेलली, तर त्या क्षणी चाकांवर वजनाच्या दहापट भार येतो. एकदा जमेल. त्याच शर्यतीत पुन्हा पुन्हा नाही.

दुसरं, नवं इंजिन. जुनं फुटल्यावर बुन्ता शर्यतीसाठी बांधलेलं २० व्हॉल्व्हचं इंजिन बसवतो, ११,००० आरपीएमपर्यंत फिरणारं. त्या कुळातल्या इंजिनात पिस्टन ७७ मिलिमीटर खाली-वर करतो. ११,०००ला त्याचा सरासरी वेग सेकंदाला २८ मीटर होतो. निव्वळ रेसिंगची इंजिनं या आकड्याच्या आसपास जगतात, पण ती काही शर्यतींनंतर उघडून नव्यानं बांधावी लागतात. त्याच इंजिनानं रोज टोफू वाहायचा म्हणजे दुकानाच्या गल्ल्याला न परवडणारी चैन. टायरांचा खर्चही गोष्टीत कुणी काढत नाही. बुन्ताच्या दुकानाची हिशेबाची वही एकदा बघायला मिळावी अशी माझी जुनी इच्छा आहे.

खरी थाप

आणि आता ती जागा, जिथे आपलं लक्ष जात नाही. रस्ता रिकामा आहे.

शर्यतीत प्रत्येक वळणावर टोळीची पोरं वॉकीटॉकी घेऊन उभी असतात, समोरून गाडी आली की वरती कळवतात. एकदा हे सांगितलं की गोष्ट त्याचा विचार सोडून देते, आणि आपणही. मग दोन्ही लेन आपल्याच बापाच्या असल्यासारख्या वापरल्या जातात. रात्री शर्यत का, याला खरं कारण आहे: अंधारात समोरून येणाऱ्याच्या दिव्यांचा झोत वळणाआधी झाडांवर दिसतो. पण दिवे बंद करून पुढच्याला चकवायचं तंत्रही याच मालिकेत आहे, आणि तिथे उरलासुरला आधारही जातो.

ताशी ८०ला गाडी सेकंदाला २२ मीटर पळते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, मग थांबायला आणखी ३० मीटर. पन्नासच्या वर झाले. बंद वळणापलीकडे दिसतं ते पंचवीस-तीस मीटर. समोरूनही कोणी येत असेल तर दोघांचं अंतर दोन्हीकडून खाल्लं जातं. यात कौशल्याला वाव नाही. पाण्याचा पेला, गटार, टायरची पकड, या सगळ्यांवर ताकुमी सरावानं मात करू शकतो. पहाटे दवाखान्यात निघालेल्या माणसाच्या स्कूटरवर तो सरावानं मात करू शकत नाही, कारण ती स्कूटर रोज नसते.

म्हणूनच मला इरोहाझाकाची ती हास्यास्पद उडी कमी खटकते. तो रस्ता निदान एकदिशा तरी आहे.

जपानमध्ये हे कळायला वेळ लागला नाही. घाटातल्या रस्त्यांवर गतिरोधकांच्या पट्ट्या आणि मध्यरेषेवर उंचवटे आले, गाडी आडवी करायला जाल तर चाक आपटेल असे. ड्रिफ्ट बंद ट्रॅकवर गेला. २००१च्या सुमारास त्सुचिया आणि ‘ऑप्शन’ मासिकवाले दाइजिरो इनादा यांनी डी-वन ग्राँ प्री उभी केली. तिथे घड्याळ लावत नाहीत, गुण दिले जातात, आणि दोन गाड्या एकामागे एक सोडून मग क्रम उलटा करतात. पुढचा-मागचा हा खेळ मालिकेतल्या शर्यतीसारखाच. टोयोटानं २०१२मध्ये ‘८६’ नावाची नवी गाडी काढली आणि पुढे जुन्या हाचि-रोकुचे काही सुटे भाग पुन्हा बनवायला घेतले. २०२३च्या जानेवारीत तोक्यो ऑटो सलॉनमध्ये दोन हाचि-रोकु मांडल्या, एक हायड्रोजन जाळणारी, एक बॅटरीवर चालणारी.

शिबुकावात आज रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणांवर ‘इनिशियल डी’ची चित्रं आहेत. वर हारुनाच्या तळ्याजवळ रस्त्याच्या एका पट्ट्यात आडव्या खोबणी कापल्या आहेत. ठरलेल्या वेगानं गाडी त्यावरून नेली की चाकांखालून एक गाणं वाजतं, शांत तळ्याकाठचं. वेग वाढवला की सूर चढतो आणि गाणं ओळखू येत नाही.